लॉग म्हणजे बाहेरचा गुणक नव्हे: पीयूसीला गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कंस आणि लॉगची समीकरणं

गेल्या पावसाळ्यात वडगावहून ट्युशनला येणाऱ्या एका मुलाने वहीत लिहून आणलं होतं:

लॉग(क्ष + ६) = लॉग क्ष + लॉग ६

हे कुठून आणलंस, असं विचारलं तर म्हणाला, "कंस सोडवला की सर."

त्याला हसण्यात अर्थ नाही. सातवी-आठवीपासून आपणच त्याला सांगत आलो, की कंसाबाहेर जो उभा आहे त्याने आतल्या प्रत्येकाला गुणायचं. बाहेर लॉग उभा दिसला, त्याने लॉगने गुणलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठीत शिकतात आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेली की इंग्रजी माध्यमात पडतात. 'विस्तार करा'चं 'एक्सपान्ड' होतं, 'सहगुणक'चा 'कोइफिशियंट' होतो आणि 'पाया'चा 'बेस'. त्या गडबडीत लॉग नावाचा नवा पाहुणा येतो, कारण दहावीपर्यंत तो भेटलेलाच नसतो. मी स्वतः पीयूसीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर 'एक्सपान्ड' हा शब्द बघत आठवडाभर गप्प बसलो होतो. गणित येत होतं, शब्द येत नव्हता.

म्हणून आधी कंस नीट बघू, मग लॉग. चुका जिथे होतात तिथे जास्त थांबू.

वजा चिन्हापाशी

साधा कंस सगळ्यांना येतो. ३(क्ष + ४) म्हणजे ३क्ष + १२. बाहेरचा ३ दोघांनाही गुणतो, पहिल्यालाच नाही. घोटाळा होतो तो बाहेर वजा असला की.

गणपत गल्लीत ५०० रुपये घेऊन गेलात. सामान झालं १८० रुपयांचं, दुकानदाराने २० रुपये सोडले. हातात किती उरले?

५०० − (१८० − २०)

कंस उघडून ५०० − १८० − २० असं लिहिलंत तर उरतात ३००, म्हणजे दुकानदाराने सोडलेले वीस तुम्ही उलट त्यालाच दिलेत. बरोबर मांडणी ५०० − १८० + २० = ३४०. खर्चातून जे कमी झालं, ते आपल्या खिशात वाढलं. कंसाबाहेरचा वजा आतलं प्रत्येक चिन्ह उलटवतो, त्याचं कारण एवढंच.

आता अक्षरांत: −३(२क्ष − ५). एकेक पद घ्या. −३ गुणिले २क्ष म्हणजे −६क्ष. −३ गुणिले −५ म्हणजे +१५. उत्तर −६क्ष + १५. सुरुवातीचे काही महिने मी मुलांना कंसापासून आतल्या प्रत्येक पदाकडे पेन्सिलीने बाण काढायला लावतो. दोन पदं असली तर दोन बाण. बाण मोजले की कोण राहून गेलं ते दिसतं. अकरावीच्या मुलांना हे बालिश वाटतं, पण पेपरात बाण काढणाऱ्यांचे गुण जात नाहीत.

दोन कंसांचा गुणाकार

(क्ष + ४)(क्ष − ७). इथे बाण चार, कारण पहिल्या कंसातले दोघं दुसऱ्यातल्या दोघांना भेटणार.

क्ष × क्ष = क्ष²
क्ष × (−७) = −७क्ष
४ × क्ष = ४क्ष
४ × (−७) = −२८

मधली दोन पदं एकत्र केली की क्ष² − ३क्ष − २८.

ताळा घ्यायची एक सोपी युक्ती आहे, ती मुलं वापरत का नाहीत हे मला कळलेलं नाही. क्षच्या जागी १० टाका. मूळ कंस: १४ × ३ = ४२. उत्तर: १०० − ३० − २८ = ४२. जुळलं. ताळ्यासाठी ० किंवा १ घेऊ नका. १ चा वर्गही १ आणि घनही १, त्यामुळे घाताची चूक त्यात लपून जाते. १० घेतला तर आकडेमोडही सोपी राहते.

गुंठ्यातली हरवलेली पट्टी

आता सगळ्यात महागडी चूक. (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असं लिहिणारी मुलं दरवर्षी येतात. सूत्र पाठ असतं, तरी लिहितात.

आपल्याकडे जमीन एकर-गुंठ्यात मोजतात, हे घरोघरी माहीत असतं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन, क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हाच चौकोन वहीत काढा आणि ३३चे ३० + ३ करा. वरच्या बाजूला ३० फुटांवर खूण, डाव्या बाजूलाही ३० फुटांवर खूण, आणि दोन्ही खुणांतून आडवी-उभी रेघ मारा. चार तुकडे पडतील:

मोठा चौकोन ३० × ३० = ९००
उजवीकडची उभी पट्टी ३ × ३० = ९०
खालची आडवी पट्टी ३० × ३ = ९०
कोपऱ्यातला छोटा चौकोन ३ × ३ = ९

बेरीज १०८९. बरोबर एक गुंठा.

आता जो मुलगा (३० + ३)² = ९०० + ९ लिहितो, त्याच्या उताऱ्यावर ९०९ चौरस फूटच राहतात. दोन पट्ट्या, १८० चौरस फूट, म्हणजे एक ऐसपैस खोली गेली. शेजाऱ्याने बांध दोन बोटं सरकवला तर आपण पंचायतीपर्यंत जातो, आणि वहीत मात्र खोलीभर जागा अशीच सोडून देतो! हे एकदा सांगितलं की मुलं मधलं पद सहसा विसरत नाहीत. (अ + ब)² = अ² + २अब + ब² मधलं २अब म्हणजे त्या दोन पट्ट्या.

वजाचा वर्गही तसाच: (अ − ब)² = अ² − २अब + ब². शेवटच्या ब²चं चिन्ह अधिकच राहतं, कारण वजाने वजाला गुणलं. आणि (अ + ब)(अ − ब) मध्ये पट्ट्या एकमेकींना खाऊन टाकतात, उरतं अ² − ब². बाकीची सूत्रं पाठ केली नाहीत तरी चालेल, चार बाण सगळीकडे पुरतात.

लॉग म्हणजे किती वेळा

लॉगची व्याख्या पुस्तकात घातांकाची असते आणि ती बरोबरच आहे. पण पहिल्या दिवशी ती डोक्यावरून जाते. मी कागदाची एक लांब पट्टी देतो. तिच्यावर ६४ लिही, अर्धी फाड, आता किती? ३२. पुन्हा अर्धी: १६. मग ८, ४, २, १. किती वेळा फाडलीस? सहा वेळा. झालं, लॉग₂ ६४ = ६.

ही युक्ती माझी नाही. जैन आचार्य वीरसेनांच्या 'धवला' टीकेत, म्हणजे जुन्या ग्रंथावरच्या भाष्यात, 'अर्धच्छेद' नावाची कल्पना आहे: एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, तेवढे तिचे अर्धच्छेद. म्हणजे आजच्या भाषेत २ पायाचा लॉग. ३ ने आणि ४ ने भाग देत जाण्यासाठीही तिथे वेगळे शब्द आहेत. 'धवला' पूर्ण झाली इ. स. ८१६ च्या सुमारास, आणि तिच्या ताडपत्रांच्या प्रती आपल्याच कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवल्या होत्या. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ची. तिच्याही जवळजवळ चारशे वर्षं आधीची ही गोष्ट. युरोपात जॉन नेपियरने लॉगची कोष्टकं छापली १६१४ मध्ये, आणि हेन्री ब्रिग्जने १० पायाची पहिली कोष्टकं १६१७ मध्ये. पीयूसीत तुमच्या हातात येणारं लॉग टेबल या १० पायाच्या कुळातलं.

तर पट्टीवरून व्याख्येकडे: लॉग₂ ६४ = ६ म्हणजेच २⁶ = ६४. खाली लिहिलेला २ हा पाया. पायावर कितवा घात चढवला म्हणजे आतली संख्या मिळते, ते सांगणं हे लॉगचं काम.

पाया लिहिलेला नसेल तर तो १० धरायचा. लॉग १००० = ३. लॉग १ नेहमी शून्य, कारण १ला एकदाही फाडावं लागत नाही. शून्याचा लॉग नाही आणि ऋण संख्येचाही नाही: पट्टी कितीही वेळा फाडली तरी शून्य होत नाही, वजा तर नाहीच नाही.

त्या मुलाची चूक, पट्टीवर

८ चे अर्धच्छेद तीन, ४ चे दोन. आता ८ × ४ = ३२ घ्या. ३२, १६, ८, ४, २, १: पाच वेळा. तीन अधिक दोन. म्हणून

लॉग(म × न) = लॉग म + लॉग न

आणि ८ + ४ = १२ घ्या. १६ लाच चार वेळा फाडावं लागतं, मग त्याहून लहान असलेल्या १२ ला पाच वेळा कसं लागेल? म्हणजे लॉग(८ + ४) हा लॉग ८ + लॉग ४ नाही. आतली बेरीज आतच राहते, तिचे तुकडे होत नाहीत.

कंस दिसायला सारखा असला तरी ३(क्ष + ६) मधला कंस गुणाकाराचा आणि लॉग(क्ष + ६) मधला कंस नुसता 'कशाचा लॉग' हे सांगणारा. तीन ही संख्या आहे, लॉग ही क्रिया आहे. क्रियेने कुणाला गुणता येत नाही. नुसतं 'वर्गमूळ' या शब्दाने गुणता येतं का? तसंच.

आणखी दोन नियम लागतात: भागाकाराची वजाबाकी होते, लॉग(म ÷ न) = लॉग म − लॉग न, आणि घात खाली उतरतो, लॉग(म चा 'प'वा घात) = प × लॉग म. दुसऱ्यात एक खाच आहे. घात आतल्या संख्येवर असेल तरच उतरतो. लॉग₂(८²) = २ × ३ = ६, पण (लॉग₂ ८)² = ९. इथेही कंस कुठे बंद झाला ते बघायचं.

समीकरण सोडवताना

सगळ्यात आधी, पेन टेकवतानाच, कोपऱ्यात एक ओळ लिहा: प्रत्येक लॉगच्या आत जे आहे ते सगळं मिळून शून्यापेक्षा मोठं हवं. ही ओळ शेवटी कामाला येते. मग सगळे लॉग गोळा करून एकच लॉग करा. मग लॉग काढून टाका. त्यासाठी मी मुलांना सांगतो, "पाया खालून उचल, बरोबरच्या पलीकडे ने, आणि तिथला आकडा त्याच्या डोक्यावर बसव." लॉग₂ क्ष = ५, तर क्ष = २⁵ = ३२. लॉग गेला की उरतं ते आठवी ते दहावीचं गणित, आणि खरी पडझड तिथेच होते.

पहिलं उदाहरण:

लॉग₃(क्ष + ६) − लॉग₃(क्ष − २) = २

अट: क्ष हा २ पेक्षा मोठा हवा. वजाबाकीचा भागाकार केला:

लॉग₃[(क्ष + ६) ÷ (क्ष − २)] = २

३ उचलून पलीकडे, डोक्यावर २, म्हणजे ९. दोन्ही बाजूंना क्ष − २ ने गुणलं:

क्ष + ६ = ९(क्ष − २)

हा कंस गुणाकाराचा आहे, बाण दोन काढा: क्ष + ६ = ९क्ष − १८. म्हणून २४ = ८क्ष, क्ष = ३. ताळा: लॉग₃ ९ − लॉग₃ १ = २ − ० = २.

जो ९क्ष − २ लिहितो, त्याला मिळतं क्ष = १. कोपऱ्यातली अट बघितली तर चोर लगेच सापडतो, कारण १ − २ = −१ आणि त्याचा लॉगच नाही. ज्याने अट लिहिली नाही, तो १ खाली दोन रेघा मारून पुढे जातो.

दुसरं उदाहरण जरा फसवं आहे:

२ लॉग(क्ष + १) = लॉग(क्ष + ७)

अट: क्ष हा −१ पेक्षा मोठा. डावीकडचा २ आत घात होऊन बसतो: लॉग[(क्ष + १)²] = लॉग(क्ष + ७). दोन्हीकडे एकाच पायाचा एकच लॉग, म्हणजे आतलं सारखं:

(क्ष + १)² = क्ष + ७
क्ष² + २क्ष + १ = क्ष + ७
क्ष² + क्ष − ६ = ०
(क्ष + ३)(क्ष − २) = ०

क्ष = −३ किंवा २. −३ अटीत बसत नाही, उत्तर २. ताळा: २ लॉग ३ म्हणजे लॉग ९, आणि उजवीकडेही लॉग ९.

आता इथे गुंठ्याच्या पट्ट्या विसरून बघा. क्ष² + १ = क्ष + ७ म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ०, अवयव (क्ष − ३)(क्ष + २), क्ष = ३. किती गोड उत्तर! अवयव सुरेख पडले, ३ अटीतही बसतो, −२ शहाण्यासारखा गळून पडला. आणि सगळं चूक. क्ष = ३ टाकला तर डावीकडे लॉग १६, उजवीकडे लॉग १०. उत्तर नीटनेटकं आलं म्हणजे बरोबर आलं, असं समजू नका. अट तपासणं वेगळं आणि ताळा घेणं वेगळं, दोन्ही करा.

तिसरं, दोन लॉगची बेरीज: लॉग₂ क्ष + लॉग₂(क्ष − २) = ३. एक लॉग केला, क्ष(क्ष − २) = ८, कंस सोडवून क्ष² − २क्ष − ८ = ०, क्ष = ४ किंवा −२. अट क्ष > २ म्हणते, म्हणून ४.

इथून मुलं एक चुकीचा धडा घेतात: ऋण उत्तर आलं की खोडायचं. लॉग₂(३ − क्ष) = ३ बघा. ३ − क्ष = ८, क्ष = −५. आत टाका: ३ − (−५) = ८. एकदम बरोबर. ऋण चालत नाही ते लॉगच्या आतल्या एकूण किमतीला, क्षला नव्हे.

(लॉग₂ क्ष)² − ५ लॉग₂ क्ष + ६ = ० असं काही आलं तर घाबरू नका. लॉग₂ क्षला म म्हणा. म² − ५म + ६ = ०, म = २ किंवा ३, म्हणून क्ष = ४ किंवा ८. दोन्ही चालतात.

हे कुठे लागतं

सगळ्यात आधी केमिस्ट्रीत. पीएच = −लॉग(हायड्रोजन आयनांची तीव्रता). तीव्रता २ × १०⁻³ असेल तर लॉग २ = ०.३०१०, आणि १०⁻³चा लॉग −३. म्हणजे पीएच = −(०.३०१० − ३). पुन्हा तोच वजा आणि तोच कंस! उत्तर −०.३०१० + ३ = २.६९९०. दुकानदाराचे वीस रुपये विसरलात तर −३.३०१० येतं, आणि साध्या पातळ द्रावणाला असला पीएच शोभत नाही.

घरातल्यांना पटवायचं असेल तर ठेवीचा हिशेब करून दाखवा. पतसंस्थेत ७ टक्के चक्रवाढीने ठेवलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? १.०७ चा क्षवा घात = २. दोन्हीकडे लॉग घेतला की घात खाली उतरतो: क्ष × लॉग १.०७ = लॉग २, म्हणजे क्ष = ०.३०१० ÷ ०.०२९४. सव्वादहा वर्षांच्या आसपास. हा भागाकार आहे, ०.३०१०मधून ०.०२९४ वजा करू नका. लॉग भागिले लॉग आणि भागाकाराचा लॉग या दोन गोष्टी वेगळ्या.

गणपतीत स्पीकर दुप्पट लावले तर आवाज दुप्पट डेसिबल का होत नाही, तेही यातच आहे. डेसिबल म्हणजे १० × लॉग, आणि दुप्पट म्हणजे १० × ०.३०१०, जेमतेम ३ डेसिबलची वाढ. मंडळाच्या पोरांना हे मी सांगून पाहिलं, त्यांनी स्पीकर चौपट केले.

वहीत करून बघा

१) ३(२क्ष − १) − २(क्ष − ४)
२) (२क्ष − ३)²
३) लॉग₂(क्ष + २) + लॉग₂(क्ष − ५) = ३
४) लॉग₃(१ − २क्ष) = २
५) लॉग₃(क्ष − ३) = लॉग₃(२क्ष − १)

उत्तरं: पहिल्याचं ४क्ष + ५. ४क्ष − ११ आलं असेल तर दुसऱ्या कंसाचे बाण पुन्हा काढा. दुसऱ्याचं ४क्ष² − १२क्ष + ९. तिसऱ्याचं ६, −३ गळतो. चौथ्याचं −४, तो गळत नाही. पाचव्यात क्ष = −२ येतो आणि आत टाकला की दोन्हीकडे −५ होतं. दोन्हीकडे सारखं आलं म्हणून वडगावच्या त्याच मुलाने बरोबरची खूण केली होती. मी काही बोलायच्या आत त्याने कोपऱ्यातली अट बघितली, खूण खोडली आणि लिहिलं, "उत्तर नाही."